मदत हवी आहे: पाइनच्या सुयांमधला कार्बन-१३

पाइनची रोपं दोन बंदिस्त कक्षांत आहेत, एकात सीओटू ४२० पीपीएम, दुसऱ्यात ७००. दोन्हीकडे निम्म्या कुंड्यांना पाण्याचा ताण. सुयांमधल्या कार्बन-१३ (कार्बनचा जड समस्थानिक) च्या प्रमाणावरून पाणीवापर कार्यक्षमता, म्हणजे खर्चलेल्या पाण्यामागे किती कार्बन बांधला, ते काढायची आहे. मागच्या वर्षीच्या सुया वगळल्यात, त्यांतला कार्बन आधीच्या हवेतला.

अडचण ७००च्या कक्षात सीओटू सोडणाऱ्या सिलिंडरची. तो वायू खनिज इंधनाचा असेल तर त्यात कार्बन-१३ मुळातच कमी. बाहेरच्या हवेतल्या कार्बन-१३चा उणे ८ प्रति हजारच्या (ठरलेल्या प्रमाणकापेक्षा इतका कमी) आसपासचा आकडा ७००च्या कक्षात लावला तर सगळं गणित फसणार. कक्षातल्या हवेचे नमुने दिवसातून किती वेळा घ्यावेत? की सोबत मका लावून त्याच्या पानांवरून कक्षातल्या हवेतल्या कार्बन-१३चा अंदाज बांधला तर चालेल?

शिवाय ७००च्या रोपांचं प्रकाशसंश्लेषण आधी वाढून आता उतरतंय. नत्र कमी पडतंय की मुळं कुंडीत कोंडलीत, हे रोप न उपटता कसं ओळखायचं?