मदत हवी आहे: जावातून मराठी पीडीएफ काढताना जोडाक्षरं फुटतात, कोणती लायब्ररी घेऊ?

तांबडा_रस्सा

नमस्कार मंडळी. एका पतसंस्थेसाठी कर्ज खाते उतारे आणि हप्त्याच्या पावत्या पीडीएफमध्ये काढून द्यायचं काम अंगावर आलंय. मूळ सॉफ्टवेअर जुनं, स्विंगमधलं (जावाचं खिडक्या-बटणं बनवायचं साधन), जावा ८ वर चालणारं. पडद्यावर मराठी अगदी स्वच्छ दिसतं. पीडीएफ काढली की वाट लागते. 'कर्ज'मधला रफार ज च्या डोक्यावर जायचं सोडून पाय मोडका र होऊन तिथेच उभा. 'शिल्लक'ची वेलांटी श ला सोडून ल वर जाऊन बसते. 'हप्ता' आणि 'व्याज' यांचं तर विचारूच नका. व्यवस्थापक म्हणाले, "हे सभासदाच्या हातात द्यायचं कसं?" बरोबरच आहे त्यांचं.

पीडीएफ बनवायला सध्या आयटेक्स्ट ही लायब्ररी आहे, आवृत्ती २.१.७. मंगल, नोटो सान्स देवनागरी, मुक्ता, सगळे फॉन्ट लावून पाहिले. अक्षराचं वळण बदलतं, गोंधळ तोच राहतो.

लायब्ररी फुकट हवी आणि तिच्यापायी आमचा सोर्स कोड उघडा करावा लागू नये. शाखेत इंटरनेटचा भरवसा नाही, त्यामुळे ऑनलाइन सेवा बाद. शिवाय रकमा १२,३४,५६७ अशा छापायच्या आहेत आणि खाली अक्षरी रक्कम. गूगलवर शोधलं की दहा नावं येतात आणि प्रत्येक जण आपलीच चांगली म्हणतो. कुणी प्रत्यक्ष मराठीवर वापरलेलं सांगितलं तर उपकार होतील.

अर्धविराम

फॉन्टच्या मागे लागू नका, त्याची काही चूक नाही. फॉन्टच्या फाइलमध्ये जोडाक्षरांचे आकार असतात आणि कोणत्या अक्षरांच्या ओळीला कोणता आकार लावायचा त्याचा तक्ताही असतो, त्याला जीसब म्हणतात. तो तक्ता वाचणारं कुणीतरी लागतं, ते म्हणजे शेपिंग इंजिन. पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी नेऊन ठेवणं आणि रफार पुढच्या अक्षरापाशी पोचवणं हेही त्याचंच काम. जुनं आयटेक्स्ट यातलं काहीच करत नाही. युनिकोडमध्ये अक्षरं ज्या क्रमाने आली त्या क्रमाने एकेक ठोकळा कागदावर मांडतं. म्हणून तुमची वेलांटी ल वर जाते.

स्विंगमध्ये नीट दिसतं, कारण तिथला मजकूर जावाच्या स्वतःच्या लेआउट इंजिनमधून जातो. जावा ९ पासून ते इंजिन म्हणजे हार्फबझ. क्रोम, अँड्रॉइड आणि लिब्रेऑफिसमध्येही तेच आहे.

तुमच्यासाठी सरळ रस्ता ओपनपीडीएफ. आयटेक्स्टच्या जुन्या मोकळ्या कोडवरूनच ती निघाली आहे, त्यामुळे तुमचा बराचसा कोड तसाच चालेल. फक्त आवृत्ती ३ पासून पॅकेजची नावं बदलली आहेत, तिथे इम्पोर्ट सुधारावे लागतील. तिच्यात लेआउटप्रोसेसर नावाचा क्लास आहे. तो चालू केला की मजकूर जावाच्या इंजिनकडे जातो. फॉन्ट लोड करण्याच्या आधी चालू करा, नंतर करून उपयोग नाही. आणि जावा ८ सोडा. १७ वर या.

गच्चीवरचा_अँटेना

मी या फंदात पडायचंच सोडलं. थायमलीफने (साच्यात डेटा भरून देणारी लायब्ररी) एचटीएमएल बनवतो आणि प्लेराइटच्या (कोडमधून ब्राउझर चालवणारं साधन) जावा लायब्ररीतून क्रोमियम ब्राउझरला सांगतो, काढ पीडीएफ. ब्राउझरमध्ये जे दिसतं तेच कागदावर. उतारा दोन पानांवर गेला तर तक्त्याचं शीर्षक दुसऱ्या पानावर आपोआप येतं, हे एक सुख वेगळंच.

एक बारीक गोष्ट: एचटीएमएल टॅगवर भाषा मराठी अशी नोंदवा. फॉन्टमध्ये सोय असेल तर ल आणि श आपल्या मराठी वळणाचे येतात, नाहीतर हिंदी वळणाचे. ग्राहकाला कारण सांगता येत नाही, पण नजरेला खटकतं.

तोटा म्हणजे क्रोमियमचं धूड बरोबर न्यावं लागतं आणि ते मेमरी खातं. दर पावतीला नवा ब्राउझर उघडलात तर महिनाअखेरीला मशीन झोपेल. एकच उघडा ठेवून त्यातच पानं काढत राहा.

तांबडा_रस्सा

@अँटेना, शाखेतली मशीनं ४ जीबीची आहेत हो. ती आधीच रडतात.

अर्धविराम

मग ओपनपीडीएफच. रिपोर्ट जॅस्परमध्ये (जावातलं रिपोर्ट बनवायचं साधन) असते तर तिथेही पीडीएफ एक्स्पोर्टला 'ग्लिफ रेंडरर ब्लॉक्स' अशी प्रॉपर्टी आहे, तिच्यात देवनागरी ब्लॉक द्यायचा. पण केवळ यासाठी जॅस्पर गळ्यात बांधून घेऊ नका. अपाची एफओपी या दुसऱ्या फुकट पीडीएफ साधनालाही आवृत्ती १.१ पासून देवनागरी येते. मात्र एक्सएसएल-एफओ ही त्याची पानाची मांडणी सांगणारी भाषा लिहायचा उत्साह हवा, माझ्यात तो नाही.

नियम_व_अटी

सरळ नवीन आयटेक्स्ट घ्या असं कुणी सुचवायच्या आत सांगतो. आवृत्ती ५ पासून त्याचं लायसन्स एजीपीएल आहे. सोर्स उघडा करायचा नसेल तर व्यावसायिक लायसन्स विकत घ्यावं लागतं. भारतीय लिप्यांसाठीचं पीडीएफकॅलिग्राफ हे जोडही विकतचंच.

लायब्ररी निवडताना माझा क्रम असा: आधी लायसन्स, मग मेव्हन सेंट्रलवर (जावा लायब्रऱ्यांचं ऑनलाइन कोठार) शेवटची आवृत्ती कधी आली ते, मग गिटहबवरच्या उघड्या तक्रारींमध्ये 'देवनागरी' किंवा 'इंडिक' शोधून लोक काय रडतायत ते. स्टारची संख्या मी बघतही नाही, कारण ते देणाऱ्यांनी मराठी छापलेलं नसतं. घेतल्यावर मेव्हनचं डिपेंडन्सी ट्री, म्हणजे कोणत्या लायब्ररीने आणखी कोणती ओढून आणली त्याची यादी, एकदा काढून बघा, मागच्या दाराने काय काय आत आलंय ते. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या नोंदी ठेवणाऱ्या लायब्ररीतलं सुरक्षेचं भोक उघडं पडलं, तेव्हा ते आपल्या प्रोजेक्टमध्ये आहे हेच कित्येकांना ठाऊक नव्हतं.

मोडी_लिपी

आकड्यांचं कुणी बोललंच नाही. जावाच्या डेसिमलफॉरमॅट या आकडे मांडणाऱ्या क्लासच्या नादी लागू नका. पॅटर्नमध्ये दोन स्वल्पविराम दिलेत तरी तो शेवटचाच गट धरतो आणि १,२३४,५६७ छापतो. आयसीयूफोरजे ही युनिकोडची लायब्ररी घ्या, त्यात लाख-कोटीची विभागणी नीट होते. मराठी नावांची अकारविल्हे यादीही त्यातल्याच कोलेटरने (क्रम लावणारा क्लास) लावा.

अक्षरी रकमेसाठी लायब्ररी शोधत बसू नका. मराठीत शंभराच्या आत प्रत्येक आकड्याला वेगळं नाव, एकोणसत्तर काय नि त्र्याण्णव काय, नियमात बसत नाहीत. शंभर शब्दांचा ॲरे हाताने लिहा, वर शे, हजार, लाख, कोटी. तासाभराचं काम. लिहून झाल्यावर घरातल्या एखाद्या मोठ्या माणसाला वाचायला द्या, एकोणनव्वदला सगळे अडखळतात.

आणि चाचणीला 'कर्ज' पुरत नाही. 'दऱ्या', 'ट्रक', 'हृदय', 'श्री', 'क्षेत्र' छापून पाहा. 'ऱ्या' तर डेटामध्येच दोन-तीन तऱ्हांनी टाइप झालेला असतो: कुणी ऱ वापरतं, कुणी र खाली नुक्ता, कुणी र् नंतर झेडडब्ल्यूजे (अक्षरं जोडणारं न दिसणारं चिन्ह). छापल्यावर सारखं दिसतं, शोधलं की सापडत नाही. नॉर्मलायझरचा एनएफसी (एकच अक्षर लिहिण्याच्या तऱ्हा एकसारख्या करणारा युनिकोडचा नियम) पहिल्या दोघांना एक करतो, तिसऱ्याला हात लावत नाही. तो तुम्हालाच बदलून घ्यावा लागेल.

तांबडा_रस्सा

मंडळी, जमलं! जावा १७, ओपनपीडीएफ, लेआउटप्रोसेसर आधी चालू, फॉन्ट मुक्ता. 'शिल्लक'ची वेलांटी घरी परतली. मोडी_लिपींची यादीही छापून पाहिली, 'हृदय'सकट सगळं ठीक. आयसीयूफोरजे आज लावतो.

आता पुढचं दुखणं. सभासदांची जुनी नावं युनिकोडमध्ये नाहीत, पूर्वीच्या डॉसच्या काळातल्या कुठल्याशा फॉन्टमधली आहेत. डेटाबेसमध्ये इंग्रजी अक्षरं नि चिन्हांची खिचडी दिसते. जावातून ती बदलायला काही तयार मिळेल का, की तक्ता हाताने करायचा?

मोडी_लिपी

फॉन्ट कोणता यावर आहे सगळं. जुन्या छापील पावतीवर नाव कसं उमटलंय आणि डेटाबेसमध्ये काय आहे, अशा दहा-बारा जोड्या द्या. खऱ्या सभासदांची नावं टाकू नका, गावांची चालतील. रफार आणि पहिली वेलांटी असलेली बघून निवडा, तक्त्यात खरी मारामारी तिथेच होते.