स्पॅनिशचं ‘पारेन्तेस्को’: शब्दांची गरिबी की शहाणपण?

शब्दवेडी: दोन वर्षं स्पॅनिश शिकतेय. ‘पारेन्तेस्को’ म्हणजे नातं. पण वारसाहक्काच्या कायद्यात हाच शब्द, भाषाशास्त्रात दोन भाषांच्या नात्यालाही हाच. ‘आफिनिदाद’ तर आणखी सैल: कायद्यात लग्नाने जुळलेली सोयरीक, रसायनशास्त्रात मूलद्रव्यांची एकमेकांकडे ओढ, गप्पांत आवडीनिवडी जुळणं. मला ही गरिबी वाटते. आपल्याकडे चुलत, मावस, आते, मामे. तिकडे सगळ्यांना ‘प्रिमो’!

कोर्टकचेरी: सैल कुठे? स्पेनच्या 1889च्या नागरी संहितेत नातं पायऱ्यांनी मोजतात. चुलतभाऊ घ्या. तुमच्यापासून वडील एक, आजोबा दोन, मग खाली उतरत काका तीन, चुलतभाऊ चार. मृत्युपत्र नसेल तर बाजूच्या नातलगांचा वारसा या चौथ्या पायरीवर संपतो. आते की मामे, कायद्याला काय करायचंय? आपल्याकडे 2024 मध्ये ‘सगेसोयरे’च्या व्याख्येवरून केवढं रण माजलं, विसरलात?

शब्दवेडी: ते रण आरक्षणाचं होतं, शब्दाचं नव्हे. उलट सगे रक्ताचे, सोयरे लग्नाचे, एका जोडशब्दात काम झालं. तुमच्या संहितेला त्यासाठी ‘कोन्सांगिनिदाद’ आणि ‘आफिनिदाद’ अशी जडशीळ नावं लागतात.

म्हापशाचा पाव: पोर्तुगीजमध्येही ‘पारेन्तेस्को’च, स्पेलिंगसकट. पण गंमत ‘कुन्यादो’त आहे. अर्थ मेहुणा, मूळ लॅटिन ‘कॉग्नातुस’ म्हणजे रक्ताचा नातलग. शब्दच सग्याचा सोयरा झाला की! (हल्ली स्पेनमध्ये जेवणाच्या टेबलावर सगळ्या विषयांत अक्कल पाजळणाऱ्यालाही ‘कुन्यादो’ म्हणतात. असा एक आमच्याही घरात आहे.) आणि ‘स्वेग्रो’ पाहा: लॅटिन ‘सोकेर’, संस्कृत ‘श्वशुर’, आपला सासरा. ओढूनताणून नाही, सासूही जुळते: ‘स्वेग्रा’, ‘सोक्रुस’, ‘श्वश्रू’. याला नातं नाही म्हणायचं तर काय?

शब्दवेडी: भाषाकुल म्हणा. शास्त्राला शास्त्राचा शब्द हवा.

कोर्टकचेरी: आणि कुल म्हणजे? घराणंच ना! फिरून नात्यातच आलात.

शब्दवेडी: बरं, हे मान्य. ‘प्रिमो’चं मात्र नाही. वर्गात मामेबहिणीबद्दल सांगताना ‘आईच्या भावाची मुलगी’ अशी फोड करत बसले होते. शिक्षिका म्हणाल्या, ‘प्रिमा’ म्हण, पुरे. मला नाही पुरत.