मदत हवी आहे: कल्चर ‘नो ग्रोथ’, तरी पू येतोय. इंदूरमध्ये गोनोरियाची तपासणी कशी करावी?

पोहे_जीरावण
वय 27, इंदूर. संबंध पुरुषांशीच, तोंडाने आणि मागून, दोन्ही. चार दिवस लघवीला आग, सकाळी चड्डीवर पिवळा डाग. रिपोर्ट: पस सेल्स (पुवाच्या पेशी) 25-30, युरीन कल्चर (लघवीतले जंतू वाढवून पाहणं) ‘नो ग्रोथ’. मेडिकलवाला म्हणतो, सिप्रोफ्लॉक्सासिन पाच दिवस घे. हा गोनोरिया (परमा) असू शकतो का? गोळी घ्यायची की इंजेक्शन? एमवायला (इथलं मोठं सरकारी रुग्णालय) गेलं तर बोभाटा होईल का?

काचपट्टी
असू शकतो, आणि तुमच्या रिपोर्टमधली जोडीच ते सांगतेय: पस सेल्स भरपूर, कल्चर नील. साध्या युरीन कल्चरच्या प्लेटवर हा जंतू उगवत नाही. त्याला चॉकलेट अगर लागतं (नावालाच चॉकलेट, असतं तापवलेलं रक्त) आणि जादा कार्बन डायऑक्साइड. मागितल्याशिवाय लॅब ते लावत नाही.

पू येतोय तोवर सगळ्यात स्वस्त आणि झटपट तपासणी म्हणजे पुवाचा ग्रॅम स्टेन: काचेवर पू पसरून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. पस सेलच्या पोटात गुलाबी जंतू जोडीजोडीने दिसतात, घेवड्याचे दोन दाणे समोरासमोर ठेवल्यासारखे. पुरुषाच्या मूत्रमार्गासाठी ही तपासणी भरवशाची आहे. घसा आणि गुदद्वारासाठी नाही, तिथे पीसीआरच (जंतूचा डीएनए शोधणारी तपासणी) हवा. लॅबमध्ये ‘गोनोरिया-क्लॅमिडिया पीसीआर’ असं मागा.

नमुन्यात चूक होते ती अशी. कल्चरच्या सवयीने काउंटरवरचा माणूस सांगतो, “बीचवाला देना.” पीसीआरला नेमकं उलटं: किमान तासभर लघवी रोखून, न धुता, धारेचे पहिले 20-30 मिली. मधली धार दिलीत तर जंतू आधीच वाहून गेलेले असतात.

जुना_तुकोगंजकर
सिप्रो नको. भारतात गोनोरियाचा जंतू त्याला केव्हाच निर्ढावलाय. आग दोन दिवस कमी होते, जंतू तिथेच राहतो.

खरा उपाय: सेफ्ट्रिॲक्सोन, कमरेच्या स्नायूत एकच इंजेक्शन. अमेरिकेत 500 मिग्रॅ देतात, जागतिक आरोग्य संघटना 1 ग्रॅम सांगते. क्लॅमिडिया (संबंधातूनच लागणारा दुसरा जंतू) नाही असं तपासून कळलं नसेल तर सोबत डॉक्सिसायक्लिन 100 मिग्रॅ, दिवसातून दोनदा, 7 दिवस. भरपूर पाण्याबरोबर घ्या आणि लगेच आडवे होऊ नका, अन्ननलिका जळते. स्नायूतलं सेफ्ट्रिॲक्सोन दुखतं, म्हणून ते लिडोकेनमध्ये कालवतात. ते मिश्रण शिरेत चालत नाही, त्यामुळे ओळखीच्या कंपाउंडरकडून घरी टोचून घेऊ नका. पेनिसिलिनची किंवा लिडोकेनची ॲलर्जी असेल तर आधीच सांगा.

सरकारी दवाखान्यात बहुधा राखाडी किट मिळेल: सेफिक्झिम 400 मिग्रॅ आणि अझिथ्रोमायसिन 1 ग्रॅम, एकदाच. मूत्रमार्गाला बरेचदा पुरतं, घशात कमी पडतं. म्हणून तोंडाने संबंध होता हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. ते लपवलंत तर औषधच चुकतं.

एक अंडकोष सुजला, किंवा ताप, सांधेदुखी आणि अंगावर फोड आले, तर त्याच दिवशी दाखवा. तेव्हा एका डोसात भागत नाही.

पोहे_जीरावण
घसा अजिबात दुखत नाहीये, मागेही त्रास नाही. तरी तिथले नमुने द्यायचे?

काचपट्टी
हो. घशातला गोनोरिया बहुतेकदा गप्प असतो, गुदद्वारातलाही. नुसती युरीन तपासली तर तीनपैकी एकच जागा तपासली. लॅबला फोनवर आधी विचारा: “घशाचा आणि गुदद्वाराचा स्वॉब घेता का, त्याची वेगळी नळी आहे का?” घरी नमुना न्यायला येणाऱ्याकडे ती बहुधा नसते. घशाचा स्वॉब दोन्ही टॉन्सिलवर आणि मागच्या भिंतीवर घासला पाहिजे, जिभेवर फिरवलेला व्यर्थ. गुदद्वारात 3-4 सेंमी आत, दहा सेकंद गोल फिरवायचा. विष्ठेने माखला तर टाकून दुसरा घ्यायचा. नमुने औषधाआधी द्या, पण त्यासाठी इंजेक्शन अडवून ठेवू नका.

त्याच फेरीत एचआयव्ही, व्हीडीआरएल (सिफिलिसची रक्ततपासणी) आणि हिपॅटायटिस बी करून घ्या.

शनिगल्ली
बोभाट्याचं: एमवायच्या त्वचा विभागाच्या रांगेत खरजेपासून केसगळतीपर्यंत सगळे उभे असतात, कोण कशासाठी आलंय ते कळत नाही. एचआयव्ही तपासणी तिथल्या आयसीटीसीत (सरकारी समुपदेशन आणि तपासणी केंद्र) मोफत, संमती घेऊनच होते. 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने तो निकाल गोपनीय आहे. दोन प्रौढांचे राजीखुशीचे संबंध 6 सप्टेंबर 2018 पासून गुन्हा नाहीत. जायच्या आधी 1097 ला (एड्स हेल्पलाइन) फोन करा, फुकट आहे.

जुना_तुकोगंजकर
राहिलेलं. औषधानंतर 7 दिवस संबंध पूर्ण बंद, तोंडानेसुद्धा. घसा पॉझिटिव्ह असेल तर 14 दिवसांच्या सुमाराला पुन्हा पीसीआर. फार लवकर केला तर मेलेल्या जंतूचाच डीएनए सापडतो आणि उगाच घबराट होते. 3 महिन्यांनी परत तिन्ही जागा तपासा, कारण पुन्हा लागण होणं फार सामान्य आहे. जोडीदार बदलत असतील तर दर 3 ते 6 महिन्यांनी.

प्रेपची गोळी एचआयव्हीची लागण टाळण्यासाठी आहे, गोनोरियासाठी नाही. संबंधानंतर 72 तासांत घ्यायचं डॉक्सी 200 मिग्रॅ सिफिलिस आणि क्लॅमिडिया बरंच टाळतं, गोनोरियावर त्याची खात्री नाही. कंडोम लागतोच, पाण्याच्या जेलसह. तेलाने लॅटेक्स फाटतं, आणि जेलऐवजी थुंकी लावली तर घशातला जंतू थेट मागे जाऊ शकतो. माउथवॉशच्या गुळण्यांचा मोठ्या चाचण्यांत फायदा दिसलेला नाही.

पोहे_जीरावण
उद्या सकाळी जातो. गेल्या दोन महिन्यांतले दोघे आहेत. एकाचा नंबरच नाही, फक्त ॲपवर आहे.

शनिगल्ली
60 दिवसांतल्या सगळ्यांना कळवायचं, तेव्हा दोघांनाही. ॲपवर मराठी-हिंदी काहीही चालेल, एवढं टाका: “मुझे गोनोरिया का शक है, इलाज चल रहा है। तकलीफ़ न हो तब भी गला, पेशाब, पीछे, तीनों जगह जाँच करवा लो।” कुणामुळे कुणाला झालं ते लिहू नका, माणूस ब्लॉक करून टाकतो. आणि मेसेज ब्लॉक करायच्या आधी पाठवा, मागाहून नाही 🙂