पहिलं बाळंतपण आणि भीती
सातवा लागलाय आणि भीतीने रात्र-रात्र झोप येत नाही, असं लिहिलंयस. वर कुणी 'अगं, बाईचा पुनर्जन्मच तो' म्हणून तुला आणखी घाबरवलंय, ते आधी सोडून दे. ओटीभरणाला आलेली प्रत्येक बाई आपली अडल्याचीच कथा सांगते. सुखरूप सुटलेल्या गप्प जेवून जातात.

कळा सलग नसतात, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. कळ येते, चढते, साधारण मिनिटभरात उतरते. मधे श्वास घ्यायला, सुरुवातीला तर पेज प्यायलाही उसंत मिळते. पहिलटकरणीला वेळ लागतोच. पिशवीचं तोंड ५ सेंटीमीटर उघडल्यावरही १२ तासांपर्यंत लागू शकतात.

पुढच्या तपासणीला विचारून ठेव: एपिड्युरल, म्हणजे कळांचं दुखणं कमी करणारं पाठीतलं भुलीचं इंजेक्शन, मिळतं का, भूलतज्ज्ञ रात्रीही येतात का, आत सोबत कोण चालतं. सोबतीला जवळची बाई ठेवायची मुभा केंद्र सरकारने २०१६ मध्ये सरकारी रुग्णालयांतही दिली आहे. आई फार हळवी असेल तर मावशी बरी!

आणि झोप रोजच उडत असेल तर तेही डॉक्टरांना सांग, संकोचू नकोस. या टोकाच्या भीतीला टोकोफोबिया म्हणतात, त्यावर समुपदेशनाचा उपयोग होतो.