मदत मागताना नेमकं सांगा

काम गेलं असेल तर आधी नातेवाइकांकडून पैसे उसने घ्या, असा सल्ला बरेचदा दिला जातो. मला ते पुरेसं वाटत नाही. २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा नातेवाइकांचेही हात आखडलेच होते. त्यापेक्षा आसपासचे स्वयंसेवक गट, अन्नछत्रं, कामगार संघटना गाठा, आणि गरज नेमकी सांगा. नुसतं ‘अडचणीत आहे’ म्हटलं तर समोरच्याला काही ठरवता येत नाही. ‘घरात चौघं, आईचं इन्सुलिन शुक्रवारी संपतंय’ असा निरोप गेला की कुणीतरी लगेच हालचाल करतं. यात लाजण्यासारखं खरंच काही नाही. घरमालकाला आणि बँकेला मात्र हप्ता थकायच्या आधीच लेखी कळवा. आणि मदत मिळवून देतो म्हणत कुणी आगाऊ पैसे किंवा ओटीपी मागितला, तर अजिबात देऊ नका.