पायरोग्राफी शिकायची आहे: पेन कोणतं, लाकूड कोणतं?

हौशी_हात:
नमस्कार मंडळी. तापलेल्या टोकाने लाकडावर चित्रं काढायची खूप इच्छा आहे. चित्रकला बरी आहे, सुतारकामाचा गंध नाही. आधी पानं-फुलं, वेलबुट्टी. जमलंच तर दारावरची पाटी. बजेट एका साध्या सोल्डरिंग आयर्नइतकंच, कारण चार दिवसांत हौस फिटली तर घरात बोलणी खायची तयारी नाही. महागडी यंत्रं कृपया सुचवू नयेत.

रंधा:
तारेच्या टिपचं, तापमान कमी-जास्त करता येणारं स्टेशन (म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, पेन त्याला जोडायचं) घ्या. दोन पेनं जोडता येतील असंच. निक्रोमची तार काही सेकंदांत तापते, बोटं टोकाच्या जवळ राहतात, म्हणून पापणीच्या केसाएवढी रेघ निघते. जाड पितळी टोकाच्या पेनात तापायची वाट बघा, मग गार व्हायची बघा. माझ्याकडे दोन स्टेशनं आहेत, त्यातलं एक खास प्रवासासाठी.

हौशी_हात:
बजेट वाचलंत का? :)

रंधा:
वाचलं. वाढवा.

खटपट्या:
काही गरज नाही हो. घरात सोल्डरिंग आयर्न असेल तर तेच वापरा. पितळी टोकाचं पेन म्हणजे तरी दुसरं काय? मी त्याच्यावरच घरातले सगळे पाट, डबे, चमचे रंगवून काढलेत. बायको म्हणते आता भिंती तेवढ्या राहिल्या.

शिसवी:
खटपट्या, ज्या टोकाने डाग दिलाय ते लाकडावर नको. त्याला शिसं चिकटलेलं असू शकतं. नवीन टोक घाला आणि ते याच कामाला ठेवा.
आणि सगळे पेनावरच तुटून पडलेत, लाकडाचं कुणी बोलतच नाही. पाइन घेऊ नका. सरळ रेघ ओढलीत तरी ती तुटक दिसते: मऊ पट्ट्यात टोक रुतून काळा चर पडतो, आणि लगेच शेजारच्या कडक पट्ट्यावर तेच टोक जेमतेम तपकिरी ओरखडा उमटवतं. वर राळ उकळून टोकाला चिकटते ती वेगळीच. फिकट, बारीक आणि एकसारख्या पोताचं लाकूड शोधा: बासवुड, बर्च, पॉपलर. मेपलही छान, पण कडक आहे, हात बसल्यावर घ्या.

ठिणगी:
+१. पाइन नको. तारेचं स्टेशन घ्या.

खटपट्या:
मी पाइनवरच शिकलो. काही बिघडलं नाही.

शिसवी:
एखादा फोटो टाका की.

धूरकर:
धुराबद्दल कोणीच कसं लिहिलं नाही? एमडीएफ (लाकडाचे तंतू गोंदाने दाबून केलेली फळी), रंग किंवा पॉलिश लागलेल्या फळ्या, जुन्या फर्निचरचे तुकडे यांवर काम करू नका. गोंद आणि रंग जळून निघणारा धूर छातीत नको. पंखा स्वतःकडे तोंड करून लावला की टोक गार पडतं आणि धूर नाकात जातो. तो धूर खिडकीबाहेर ओढेल असा उलटा ठेवा. साधा एन-९५ मास्क कण अडवतो, वाफा नाही.

रंधा:
बर्च प्लायसुद्धा प्लायच की. गोंद आलाच.

धूरकर:
वरचा थर जळेल एवढंच काम करा, खोल चर पाडू नका. त्यापेक्षा अखंड लाकडाचा तुकडा केव्हाही बरा.

वीजवेडा:
हे सगळं जुनं झालं. जुन्या मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर काढा, लाकडाला सोड्याचं पाणी लावा, दोन्ही टोकांना

[संपादित: प्रतिसाद काढून टाकला आहे]

शिसवी:
बरं झालं काढलंत. धागाकर्ते, लाकडात वीज सोडून नक्षी जाळायचा हा प्रकार, कुठे व्हिडिओ दिसला तरी याच्या वाटेला जाऊ नका. ट्रान्सफॉर्मरमधून साधारण २००० व्होल्ट बाहेर पडतात आणि यात माणसं जागच्या जागी गेलेली आहेत. अमेरिकन असोसिएशन ऑफ वुडटर्नर्सने आपल्या कार्यक्रमांत या प्रकारावर बंदी घातली आहे. हौस म्हणून करायची ही गोष्ट नव्हे.

जुनीपाने:
अवांतर: विजेच्या पेनाआधी पोकळ प्लॅटिनमचं टोक वापरत. रबरी फुग्याने आत बेंझिनची वाफ फुंकत राहायचं, म्हणजे टोक लाल राहायचं. एक हात चित्रावर, दुसरा फुग्यावर. तेव्हा बजेटचं रडगाणं नव्हतं.

ठिणगी:
प्लॅटिनम आणि बजेट? हलकेच घ्या.

मूकवाचक:
पहिल्यांदाच लिहितेय. पेन कुठलंही घ्या, पण हे करा. २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, ओलं फडकं फिरवा, वाळल्यावर उभे राहिलेले तंतू पुन्हा घासा. चित्र ग्राफाइट पेपरने हलकं उतरवा. कार्बन पेपरचा डाग सहज निघत नाही. टोक टेकवायच्या आधीच हात चालता ठेवा आणि चालत्या हातानेच उचला, नाहीतर प्रत्येक रेघेच्या दोन्ही टोकांना काळे ठिपके पडतात. गडदपणा सावकाश गेल्याने येतो, दाबल्याने नाही. टोकावर काजळी धरली की पितळी ब्रशने साफ करा. रंग भरायचे असतील तर जाळून झाल्यावरच. आणि पाटी उन्हात लावू नका, फिकट छटा उडून जातात.

रंधा:
हे सगळं तारेच्या पेनाने जास्त सोपं जातं.

हौशी_हात:
सर्वांचे आभार. बराच विचार केला आणि सध्या पेनच घेत नाहीये. घरात मोठं भिंग आहे. उन्हात त्यानेच सुरुवात करतो. वीज नाही, टिप नाही, खर्च नाही. लाकूड मात्र शिसवी यांनी सांगितलं तेच, बासवुड.

खटपट्या:
अहो, मग सल्ला कशाला मागितला?

धूरकर:
करा, पण साध्या गॉगलवर जाऊ नका. तो पांढरा ठिपका टक लावून बघायचा नसतो, वेल्डिंगचा चष्मा लागेल. धूर इथेही होतोच. आणि काम थांबलं की भिंग झाकून ठेवा, उन्हात उघडं टाकून चहाला जाऊ नका.

हौशी_हात:
वेल्डिंगचा चष्मा शेजाऱ्यांकडे आहे, मागून आणतो.

ठिणगी:
धागाकर्ते भिंगावर गेलेच आहेत, तर मी माझं विचारून घेते. साध्या पेनच्या टिपा वेगळ्या घेतल्या तर कुठल्याही पेनाला बसतात का?

शिसवी:
नाही. आटे वेगवेगळे असतात, जुनी टिप हातात धरून जुळवा. बदलायची ती पेन पूर्ण गार झाल्यावरच, आणि बोटांनी बसेल इतकीच घट्ट. गरम असताना पक्कड लावलीत तर मऊ पितळेचा आटा जातो किंवा टिप आतच मोडते. मग पेनच टाकून द्यावं लागतं.