मदत हवी आहे: सीतेच्या वेणीची फांदी कुजतेय, सोडवू की तशीच ठेवू?

परसदारची
नमस्कार मंडळी. प्रश्न छोटासाच आहे, पण पाल्हाळ लावल्याशिवाय सांगता यायचा नाही. सांभाळून घ्या.

आमचं गाव श्रीवर्धनजवळ. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात परसातला रायवळ आंबा अर्धा मोडला. पडलेल्या एका फांदीवर सीतेची वेणी (झाडावर वाढणारं रानटी ऑर्किड) होती आणि तिला दोन माळा लोंबत होत्या. चिखलात पडूनही निम्मी फुलं शाबूत, पांढऱ्यावर जांभळट ठिपके. आई तिला कायम बांडगूळच म्हणत आली. बाबांचं म्हणणं, बांडगूळ झाडाचा रस पितं, ही बिचारी नुसती बसायला जागा मागते. त्यांनी करवतीने हातभर फांदी कापली, विहिरीजवळच्या शेवग्याला टांगली आणि त्या दिवाळीत एसटीतून मांडीवर घेऊन मला पुण्याला आणून दिली.

२०२१ च्या मेमध्ये मस्त फुलली. २०२२ ला वीतभरही नसेल अशी एकच माळ. त्यानंतर दोन मे कोरडे गेले, हा दुसरा आता संपतच आलाय. बाबा फोनवर विचारतात, "आली का?" मी विषय बदलते.

हे झालं फुलांचं. आता खरी भीती वेगळीच आहे. फांदीची साल बोटाने सुटते, खालच्या टोकाला पेन्सिल रुतवली तर आत जाते, भुसा पडतो. काळ्या मुंग्यांनी घर केलंय. निम्मी मुळं त्या लाकडाला घट्ट चिकटलेली, निम्मी हवेत. हवेतली चांदीसारखी पांढरी आहेत आणि फवारा मारला की मिनिटभरात हिरवी होतात, म्हणजे जिवंत असावीत. सोडवून दुसऱ्या लाकडावर बांधू का? की कुजू दे तशीच?

बाकी माहिती: चौथा मजला, पूर्वेची बाल्कनी. रोज सकाळी फवारा, उन्हाळ्यात दोनदा. आठवड्यातून एकदा लिटरभर पाण्यात चिमूटभर १९:१९:१९ खत. पानं छान लांब, गर्द हिरवी, टोकं उंदराने कुरतडल्यासारखी (ती म्हणे तशीच असतात). शेजारची फॅलेनॉप्सिस (तीही ऑर्किडच) दर डिसेंबरात, रात्री गार झाल्या की, न चुकता दांडा काढते. ती मी प्रदर्शनातून निळी म्हणून दुप्पट पैसे देऊन घेतली होती. पुढच्या वर्षी पांढरीशुभ्र फुलली, शाई टोचलेली निघाली. हसू नका.

गच्चीतला_गडी
ताई, कुंडीत लावा. निम्मी लाल माती, निम्मं शेणखत, वर चहाची पूड. आमचा मोगरा यावर वेडा होतो.

कौलारू
@गच्चीतला_गडी, दादा, मोगऱ्याचं ठीक आहे. वेणी मातीत पुरली तर पंधरा दिवसांत मुळांचा चिखल होईल. झाडावर बसणाऱ्या आमरीची, म्हणजे ऑर्किडची, मुळं वाऱ्यावर सुकायला हवीत. ते पांढरं आवरण स्पंजासारखं असतं, पाणी झटकन पितं आणि नंतर त्याला हवा लागते.

परसदारची, अजिबात सोडवू नका. या जातीला मुळं हलवलेली मुळीच खपत नाहीत, चिकटलेलं मूळ ओढलं की वरचं आवरण सोलून निघतं आणि आत दोरा उरतो. जुन्या फांदीसकट नव्या आधारावर बांधा. सागाची जुनी फळी, खडबडीत सालीचा आंब्याचाच ओंडका, काहीही चालेल, फक्त रंग किंवा पॉलिश दिलेलं नको. मध्ये नारळाच्या सोडणाचा एखादा तुकडा. सोडण आधी दोन-तीन दिवस पाण्यात भिजवा आणि ते तांबडं पाणी रोज फेकून द्या. बांधायला सुतळी नको, मुळं धरायच्या आत कुजते. जुन्या नायलॉन मोज्यांच्या पट्ट्या कापा, ताणल्या जातात आणि मुळाला काचत नाहीत. जुनं लाकूड सावकाश भुसा होऊन गळेल, तोवर नवी मुळं फळीवर गेलेली असतील.

पण आज नाही. मुळांना हिरवी टोकं फुटली की बांधा, बहुधा पहिल्या एक-दोन पावसांनंतर. मुंग्यांसाठी फांदी दहा मिनिटं बादलीत बुडवा, शेंडा मात्र पाण्याबाहेर ठेवा. शेंड्यात पाणी साचलं की मधलं पान बुडाशी तपकिरी होऊन हातात येतं, आणि हिला वाढायला तेवढा एकच शेंडा असतो. माझी एक अशीच गेली, भर श्रावणात, मी गावाला असताना.

आता फुलांचं. तुम्ही "छान गर्द हिरवी" लिहिलंत तिथेच मी थबकलो. वेणीची पानं पोपटीकडे झुकलेली हवीत. गर्द आणि लांबट म्हणजे ऊन कमी. २०२१ नंतर समोर काही बांधकाम झालंय का?

वाळवंटी_मराठी
थोडं विषयांतर. मलाही गावाहून अशी एक फांदी दुबईला आणायची आहे. बॅगेत ओल्या फडक्यात गुंडाळली तर टिकेल का?

कौलारू
टिकेल हो, पण आणू नका. आमरींचं अख्खं कूळ साइट्स (वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या) कराराच्या यादीत आहे, देशाबाहेर न्यायची तर परवाना लागतो. तिथल्याच नर्सरीतून डेंड्रोबियम घ्या, तेही ऑर्किडच.

परसदारची
कौलारू काका, तुम्ही ज्योतिषी आहात का? समोर मोकळा प्लॉट होता. २०२२ च्या मेमध्ये इमारत सहाव्या मजल्यापर्यंत आली होती, आता बावीस मजले आहेत. काल रविवारी चहा घेऊन बाल्कनीत बसले आणि घड्याळ लावलं. सूर्य त्या टॉवरच्या वर आला ९:२० ला. १०:०५ ला वरच्या बाल्कनीच्या स्लॅबआड गेला. पाऊण तास! आणि मी दोन वर्षं खत बदलत बसले.

कौलारू
पाऊण तासात पानं जगतात, माळ येत नाही. गच्चीत ५० टक्के शेडनेटखाली (निम्मं ऊन अडवणाऱ्या जाळीखाली) टांगा, सकाळचं दोन-तीन तास ऊन मिळू दे. एकदम नेऊ नका, दर चार दिवसांनी थोडं थोडं वाढवा, नाहीतर पानांवर भाजल्याचे पांढरे चट्टे उठतात. आणि सोसायटीत टँकरचं पाणी येत असेल तर मुळांवर क्षारांची खरखर बसली आहे का बघा. असेल तर पावसाचं पाणी बादलीत धरा.

परसदारची
जून अखेरची खबर. खरखर होती, दोन पावसांत धुऊन निघाली. तीन मुळांना तांदळाएवढी हिरवी टोकं आली, म्हणून काल फळीवर बांधली. बादलीत बुडवल्यावर मुंग्या थेट माझ्या कोपरापर्यंत चढल्या. बाबांना फोटो पाठवला, उत्तर आईचं आलं: "बांडगूळ बरं दिसतंय."

सेक्रेटरी काकांनी गच्चीत एक खुंटी ठोकायला परवानगी दिली आहे, पाणी खालच्यांच्या पापडांवर गळणार नाही या अटीवर. आता शेवटचं विचारते: शेडनेट मीटरवर सुटी कुठे मिळेल? इथला दुकानदार अख्खा रोलच घ्या म्हणतोय.